एकाच दुपारी बारा गावांत देल्फोर

मेदानो लार्गो,
८ मार्च २०१६

प्रिय आबेल,

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. आपल्या सहकारी संस्थेचं ई-मेल दहा दिवस बंद आहे, आणि उद्या सुरू झालं तरी माझा त्यावर भरवसा उरलेला नाही. फोन तुझ्या कानांना चालत नाही. म्हणून पातागोनेसच्या बसवरच्या विल्मारकडे ही चिठ्ठी देतेय. त्याला अर्धा डझन गोड पाव दिलेत, तेव्हा उत्तरही त्याच्याच हाती पाठव. परतीचं भाडं त्यातच वळतं झालंय.

तू गेल्यापासून इथे फारसं बदललेलं नाही. संस्था अजून वीज देते, इंटरनेट देते आणि शेवटी शवपेटीही देते. अध्यक्षपदी सध्या औषधवाला पेत्रेल्ली आहे. त्याला यंत्रांतलं काही कळत नाही, पण न कळणं त्याला मानवत नाही, आणि तुझ्यामागे यंत्रं सांभाळणारी मी, त्याला समजावता समजावता माझी जीभ झिजली.

झालं ते असं. २८ फेब्रुवारी, रविवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. सगळं गाव झोपलेलं. त्या वेळी तुझ्या सेरेनो प्रोग्रामच्या पानावर कोणीतरी शिरलं आणि दक्षिणेकडची आपली सगळी यंत्रं ताब्यात घेऊन त्यांना स्वतःच्या कामाला जुंपलं. यंत्रांचा जीव गुदमरला. पाच गावांचे फोन आणि इंटरनेट एकोणीस तास मुके झाले. त्याच दुपारी पासो ओंदोला म्हातारी दोन्या एल्बा स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. फोन हाताशी होता, पण त्यात आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा नॉर्बेर्तो गेला तेव्हा ती फरशीवरच होती. आता बाहिआ ब्लांकाच्या इस्पितळात आहे. जगेल म्हणतात. चालेल असं कोणी म्हणत नाही.

नोंदवहीत त्या वेळी एकच नाव आहे, देल्फोर. म्हणजे आपला देल्फोर कायुपान, पासो ओंदोच्या वीजकेंद्रावरचा. त्याचा पासवर्ड त्याला आणि मला माहीत. मी त्या वेळी धाकट्या बहिणीच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला होते, शंभर लोकांनी मला केक खाताना पाहिलंय. देल्फोर म्हणतो, मी झोपलो होतो. साक्षीदार कोण? त्याचा कुत्रा.

त्याला कामावरून बाजूला बसवलंय. ३० एप्रिलला सभासदांची सभा आहे, तिथे निकाल. काढलं तर घरही सोडावं लागेल, कारण केंद्राशेजारचं घर संस्थेचं आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. त्या घराच्या मागे त्याने बायकोसाठी लावलेली पेअरची झाडं आहेत. बायको गेली, झाडं आहेत.

आता माझा प्रश्न. पेत्रेल्लीला सांगितलं तसंच लिहिते, चुकलं तर दुरुस्त कर. सेरेनो हा राखणदार आहे. सगळी यंत्रं जागी आहेत की नाही हे तो बघतो. त्याच्या पानावर एक चौकट आहे. तिच्यात यंत्राचं नाव लिहून बटण दाबलं की सेरेनो त्या यंत्राला हाक मारतो. पण नाव लिहून पुढे अर्धविराम दिला आणि दुसरा कुठलाही हुकूम लिहिला, तर तोही तो मुकाट्याने पाळतो. किराणावाल्याला चिठ्ठी द्यावी, 'एक किलो येर्बाची पत्ती. आणि हिला दुकानाची किल्ली दे', आणि त्याने येर्बाही द्यावी आणि किल्लीही. असंच ना? मग ही चिठ्ठी देल्फोरशिवाय दुसरं कोणी लिहू शकतं का?

तू तो प्रोग्राम लिहिलास. तुझ्या एका कागदावर त्या माणसाचं घर टिकेल.

तुझी मेहुणी,
नेलिदा


कार्मेन दे पातागोनेस,
१५ मार्च २०१६

प्रिय नेलिदा,

विल्मारने तीन गोड पाव मला दाखवून खाल्ले आणि मग पत्र दिलं. तुझं अक्षर अजून शाळेतल्या बाईंसारखं आहे.

दोन्या एल्बाचं वाचून वाईट वाटलं. पुराच्या वर्षी माझ्या इर्माने आणि मी तिच्या ओट्यावर पंधरा दिवस यंत्र मांडलं होतं, आणि एल्बा रोज आमच्या पायाखालचं पाणी झाडूने बाहेर लोटायची.

मेहुणीबाई, मी अडुसष्ट वर्षांचा झालो. सेरेनो त्रेचाळीस संस्था वापरतात, त्यातल्या एकीलाही मी विकलेला नाही. रोज सकाळी मी मातेचा कडू घोट घेत बसतो तेव्हा कुठून ना कुठून तक्रार आलेली असते. आमच्याकडे पान हळू उघडतं. आमच्याकडे तारीख उलटी दिसते. 'हे तातडीने करा,' असं मला न पाहिलेली माणसं लिहितात, आणि मी करतो. फुकटच्या गायीला लाथा मारणारे तेवढे भेटतात. मी थकलोय, हे कुणालातरी सांगायचं होतं, तू सापडलीस.

तुझ्या प्रश्नाबद्दल. चौकटीचं तू सांगितलंस ते बरोबर आहे. पण देल्फोरला ती अर्धविरामाची खोड माहीत आहे, हे तुलाही ठाऊक आहे. पासो ओंदोहून पुढची केंद्रं एकशे दहा किलोमीटर मातीच्या रस्त्यावर. कुठलं यंत्र झोपलं की तो तिथे न जाता त्या चौकटीतूनच त्याला उठवायचा. एखाद्या दिवशी काही भलतंच लिहून बसला असेल. माणसाचा हात चुकतो. त्याने सभेत चूक झाली म्हणावं, माफी मागावी. त्याची तीस वर्षांची नोकरी बघून सोडतील.

प्रोग्राममध्ये दोष होता वगैरे सभेपुढे नेऊ नकोस. त्या सभागृहावर इर्माच्या नावाची पाटी आहे. पुरात पाच गावं जोडून ठेवली म्हणून लोकांनी स्वतः लावलेली. तिच्या नावाला चिखल लागायला वेळ लागणार नाही, आणि ती उत्तर द्यायला नाही. झाकली मूठ झाकलेली राहू दे.

नदी उतरलीय. माझे गुडघे बरे नाहीत.

आबेल


मेदानो लार्गो,
२२ मार्च २०१६

आबेल,

प्रिय वगैरे पुढच्या वेळी.

शनिवारी पासो ओंदोला गेले. रस्ता तसाच, माझी कंबर तशी नाही. देल्फोर दारात बसून घोड्याचा पट्टा शिवत होता. त्याला घोडा नाही. म्हटलं, हे काय? म्हणाला, "हात रिकामे राहिले की डोकं चालायला लागतं, नेलिदा. मला ते परवडत नाही."

कुत्रा येऊन पायाशी बसला. त्याचं नाव कोमिसारिओ, फौजदार. चौकशीत देल्फोरने साक्षीदार म्हणून त्याचं नाव सांगितलं, तर पेत्रेल्लीने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या ठाण्याचा?" देल्फोर म्हणाला, "माझ्या पलंगाखालच्या." एवढं एक हसणं त्या घरात शिल्लक होतं, ते त्याने मला दिलं.

मी विचारलं, "खरं सांग, त्या रविवारी चौकटीत काही लिहिलंस?"

"नाही."

"कधीच नाही?"

"इतर वेळी लिहिलंय. शंभरदा. त्या रविवारी नाही."

"ती खोड तुला शिकवली कोणी?"

तो माते करायला उठला. कपाटाचं दार अर्धवट उघडून येर्बा काढली आणि पाठीने ते दार लावून तिथेच उभा राहिला. "पुराच्या पाण्याने," म्हणाला. मग मी कितीही विचारलं तरी त्याने कपाटापुढून हलायचं नाव घेतलं नाही. निघताना मात्र म्हणाला, "आबेलला त्रास देऊ नकोस. त्याचं बरंच गेलंय आधी."

आबेल, तो तुझी काळजी करतोय आणि तू त्याला माफी मागायला सांगतोस. न केलेल्या गुन्ह्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आता दुसरं. परत आल्यावर मी धाकट्या बहिणीच्या मुलीच्या संगणकावर बसून शोधलं. सेरेनोच्या चौकटीबद्दल २५ फेब्रुवारीला एक लेख जाहीर झालाय. लिहिणारी आरेकिपाची एक मुलगी, येसेनिया चोके. असली भोकं शोधणं हेच तिचं काम. चौकटीत अर्धविराम दिल्यावर काय होतं ते तिने नीट, सभ्य भाषेत लिहिलंय. शेवटी लिहिलंय, 'कर्त्याला २७ नोव्हेंबर रोजी कळवलं. नव्वद दिवस वाट पाहिली. उत्तर आलं नाही.' लेखानंतर तीन दिवसांनी आपल्याकडे दरोडा.

तुला नोव्हेंबरपासून माहीत होतं. तारखा उलट्या दिसतात म्हणून तक्रार आली तर तू त्या सुलट्या करून देतोस, आणि घराला भोक आहे असं सांगणाऱ्या पोरीला एक ओळ लिहीत नाहीस? आणि वर मला इर्माची पाटी दाखवतोस? ती माझी बहीण होती आबेल. तिच्या पदराआड लपू नकोस. लपायचं तर स्वतःच्या दाढीमागे लप.

मला त्या मुलीच्या लेखाइतकंच स्पष्ट, तुझ्या सहीचं निवेदन हवंय. आणि देल्फोरचं नाव त्या चोराला कुठून मिळालं तेही हवंय, कारण पेत्रेल्ली तोच प्रश्न धरून बसलाय. 'भोक असेल हो बाई,' म्हणतो, 'पण दारातून आत येणाऱ्याने नाव तर कायुपानचंच सांगितलं ना?'

नेलिदा


मेदानो लार्गो,
११ एप्रिल २०१६

आबेल,

तीन सोमवार मी बसस्थानकावर गेले. विल्मार लांबूनच मान हलवतो. आज तर त्याने मला पाहून टपावरचं सामान काढायचं सोंग केलं.

सभेला एकोणीस दिवस आहेत. देल्फोरने भांडी खोक्यात भरायला घेतलीत. दोन्या एल्बाला घरी आणलंय. ती खुर्चीत बसते आणि दर तासाला फोन उचलून त्यात आवाज आहे की नाही ते बघते.

आजारी असशील तर तसं कळव. नसशील तर लाज वाटू दे.

ने.


कार्मेन दे पातागोनेस,
१७ एप्रिल २०१६

प्रिय नेलिदा,

आजारी नाही. लाज वाटत होती, म्हणून हात चालत नव्हता. मग एकदा चालायला लागला तो थांबला नाही, आणि त्यातच इतके दिवस गेले.

आधी कबुली. येसेनियाचं पत्र २७ नोव्हेंबरला आलं, खरं आहे. फार चांगलं पत्र होतं. 'आदरणीय श्री. लाराबूरू' असं मला गेल्या दहा वर्षांत कोणी लिहिलेलं नाही. कुठल्या फाइलमध्ये कितवी ओळ, तिथे काय घातलं की भोक बुजेल, सगळं तिने दिलं होतं. दहा मिनिटांचं काम. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि बंद केलं. रोज ती फाइल उघडायचो, त्या ओळीपर्यंत जायचो आणि परत यायचो. का, ते विचारू नकोस. म्हातारपण म्हण.

तुझं मार्चचं पत्र वाचल्यावर त्रेचाळीस संस्थांना एकेक करून लिहिलं. की सेरेनोत भोक आहे, मला ते माहीत होतं, ते पान आजच्या आज बंद करा, आणि २८ फेब्रुवारीच्या दुपारच्या नोंदी मला पाठवा. काहींनी शिव्या दिल्या. त्या मी वाचल्या. अकरा जणांनी नोंदी पाठवल्या. सोबत जोडल्या आहेत, बघ.

फोर्मोसातलं एक गाव. पाराग्वायच्या चाकोतली एक वसाहत. उरुग्वायमधल्या दोन दूधसंस्था. चुबुतच्या किनाऱ्यावरचं एक मासळीचं गाव. बाकीची तूच वाच. सगळीकडे त्याच रविवारी, दोन ते तीनच्या दरम्यान, चौकटीतून तोच हुकूम. आणि सगळीकडे हुकूम देणाऱ्याचं नाव देल्फोर.

जो माणूस बाहिआ ब्लांकाच्या पुढे कधी गेला नाही, तो एका दुपारी, आपलं धरून, बारा गावांत काम करून आला.

कारण असं आहे. पुराच्या दिवसांत प्रोग्रामबरोबर द्यायची माहितीपुस्तिका घाईघाईत लिहिली. नवीन माणसाचं नाव कसं नोंदवायचं हे दाखवायला नमुन्यादाखल एक नाव आणि एक पासवर्ड हवा होता. त्या क्षणी दारात चिखलाने भरलेल्या बुटांत देल्फोर उभा होता. त्याचं नाव घातलं. पुस्तिका त्रेचाळीस ठिकाणी गेली, आणि लोकांनी नमुना जसाच्या तसा उतरवला, कारण लोक तसंच करतात. तेरा वर्षं प्रत्येक संस्थेत एक देल्फोर बसलाय आणि त्या बिचाऱ्याला पत्ता नाही. चोराला फक्त पुस्तिका वाचायची होती. तुझ्याकडेही पासवर्ड पुस्तिकेतलाच असेल, तपासून बघ.

सोबत सहीचं निवेदन आहे. त्यात लिहिलंय की दोष असलेली ती ओळ मी लिहिली आणि कळूनही दुरुस्त केली नाही. ते जसं आहे तसं वाच. त्यात काही जोडू नकोस आणि मला त्यावर प्रश्न विचारू नकोस.

देल्फोरला सांग, भांडी खोक्यातून बाहेर काढ.

आबेल


मेदानो लार्गो,
३ मे २०१६

प्रिय आबेल,

सभा झाली. मी दोन दिवस झोपले. आता लिहिते, बसून आणि सावकाश, कारण सगळं क्रमाने सांगायला हवं.

एकशे बारा माणसं आली होती. एरवी चौदा येतात आणि त्यातली सहा सँडविचसाठी. इर्माच्या पाटीखाली पेत्रेल्ली बसला. त्याने तुझं निवेदन वाचलं, मग मी बारा गावांची यादी वाचली. चाकोपर्यंत आले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "देल्फोर, लेका, पाराग्वायला जाऊन आलास आणि आमच्यासाठी काही आणलं नाहीस?" सगळे हसले. देल्फोरही हसल्यासारखं करून खाली बघत होता. बेरे टोपी हातात धरून नुसती फिरवत होता.

नॉर्बेर्तो हसला नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझी आई एकोणीस तास फरशीवर होती. तिने मला विचारलं तर मी कुणाचं नाव सांगू?"

पेत्रेल्लीने तुझा कागद वर धरला. "लाराबूरूचं. त्यानेच लिहून दिलंय."

झालंच होतं, आबेल. देल्फोर सुटला होता. त्याने गप्प बसून घरी जायचं होतं आणि पेअरला पाणी घालायचं होतं. पण तो उठला. म्हणाला, "तसं नाहीये ते." आणि कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवला. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही," म्हणाला, "तू वाच."

कडा पिवळ्या झालेल्या. चारी कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं. तेरा वर्षं तो त्याच्या येर्बाच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला होता. मी पहिला शब्द बघितला आणि तोच पुन्हा वाचला, कारण ते अक्षर मी चौथीत असल्यापासून ओळखते. माझा सगळा गृहपाठ त्याच अक्षरात असायचा.

वरती हुकूम होता, यंत्राच्या नावापुढे अर्धविराम दे आणि मग असं असं लिही. खाली इर्माने लिहिलं होतं: 'देल्फोर, ही वाट मी पुरापुरती उघडी ठेवलीय. यातून कोणीही आत शिरेल. पाणी ओसरलं की आबेलला सांग, इर्माची ती ओळ बंद कर म्हणून. माझ्या लक्षात राहायचं नाही.'

मी ते मोठ्याने वाचलं. तिच्याच नावाच्या सभागृहात, तिच्याच पाटीखाली.

नॉर्बेर्तो म्हणाला, "मग सांगितलं का नाहीस?"

देल्फोर म्हणाला, "पाणी ओसरलं तेव्हा ती इस्पितळात होती. आबेल तिच्याजवळ. तेव्हा कसं सांगू? मग ती गेली. तेव्हा तर नाहीच. आणि मग... मग सवय झाली. रस्ता एकशे दहा किलोमीटर आहे नॉर्बेर्तो. पाऊस पडला की तोही नसतो. दर वेळी म्हणायचो, पुढच्या वेळी सांगू. हे दार बंद झालं असतं तर मला प्रत्येकदा जावं लागलं असतं. मी झोपलो होतो त्या रविवारी, ते खरं. पण मला सांगायला सांगितलं होतं, हेही खरं."

आणि खाली बसला.

मग मीही उठले, कारण बसून राहणं जमेना. सांगितलं की पासवर्ड पुस्तिकेतलाच होता, तेरा वर्षं मी तो बदलला नाही, आणि तो बदलणं हे पहिल्या दिवसापासून माझंच काम होतं. तू म्हणालास तसं तपासलं होतं. मनातल्या मनात मी तुझ्यावर किती दात-ओठ खाल्ले होते आबेल, ते सगळे माझेच निघाले.

पेत्रेल्लीने कधी नव्हे ते काही न बोलता मतं मागितली. देल्फोरने निवृत्तीपर्यंत कामावर आणि घरात राहावं, याला हात वर झाले. बहुतेकांचे. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. नॉर्बेर्तोने हात वर केला नाही आणि विरोधातही केला नाही. बाहेर पडताना तो देल्फोरपाशी थांबला आणि म्हणाला, "आई म्हणते पेअर लागले असतील तर आण." एवढंच. मला वाटतं तो त्याहून जास्त देऊ शकत नव्हता, आणि मागायचा हक्क कोणाला नव्हता. पाटीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

आता तुझ्याशी. तू खोटं लिहून दिलंस. 'इर्माची ती ओळ' असं तिनेच लिहिलंय. ती तिची होती, म्हणून तू रोज तिच्यापाशी जाऊन परत येत होतास. आणि मी तुला पदराआड लपतोस म्हणाले. ते शब्द परत घेते. बाकीच्या पत्रातलं काही परत घेत नाही, कारण दोन्या एल्बा अजून खुर्चीत आहे.

पण बघ ना. देल्फोरने कपाटाचं दार पाठीने दाबून धरलं, तू सही करून गुन्हा अंगावर घेतलास, मी तिच्या पाटीच्या धाकाने गावात तिचं नाव कुठे काढलं नाही. तिघं मिळून एका मेलेल्या बाईची राखण करत बसलो. आणि ती तेव्हाच सांगून गेली होती, दार लावा म्हणून.

मूळ कागद सोबत पाठवतेय. देल्फोर म्हणाला, तो तुझा आहे. उशिरा पोचवल्याबद्दल माफी मागतोय.

तुझी,
नेलिदा

ता.क. विल्मारला यावेळी काही दिलेलं नाही. तो म्हणाला, "असू दे बाई, जड पत्र दिसतंय."


कार्मेन दे पातागोनेस,
१५ मे २०१६

प्रिय नेलिदा,

कागद पोचला. विल्मार खाली उतरला आणि माझ्या हातात देऊन मी स्थानकाच्या बाकावर बसेपर्यंत थांबला. बसमधल्या उतारूंना उशीर झाला असणार.

'माझ्या लक्षात राहायचं नाही.' हे ती रोज म्हणायची. किल्ल्या, चष्मा, चुलीवरचं दूध. घरभर चिठ्ठ्या असायच्या. ती गेल्यावर त्या सगळ्या मी गोळा करून ठेवल्या. वाटलं होतं एकही राहिली नाही.

तुझं बरोबर आहे. प्रोग्रामचा बाकीचा प्रत्येक भाग मी दोनदा-तीनदा नव्याने लिहिलाय. चौकटीचा तेवढा तिचा राहिला होता. घाईत लिहिलेला, उतावळा, पुढचं कोणी वाईट असेल असं धरलेलंच नाही. अगदी तिच्यासारखा. वाटायचं, हेही बदललं की त्यात तिचं काही उरणार नाही. त्यासाठी एक म्हातारी फरशीवर पडून राहिली. मला हे कोणी सभ्य शब्दांत सांगू नये.

गेल्या रविवारी दुपारी ती ओळ बदलली. दहा मिनिटंही लागली नाहीत. आता चौकटीत यंत्राच्या नावाखेरीज काही लिहिलं की सेरेनो हाकलून देतो. पुस्तिकेतलं देल्फोरचं नाव काढलं. त्रेचाळीस ठिकाणी नवा प्रोग्राम गेला. देल्फोरला सांग, आता त्याला खरंच एकशे दहा किलोमीटर जावं लागेल. मी जूनमध्ये येतो. नॉर्बेर्तो दार उघडेल का माहीत नाही, पण दोन्या एल्बाला भेटायचंय. नंतर देल्फोरबरोबर त्याच्या गाडीतून केंद्रांची एक फेरी मारीन. गुडघे काय, बसूनच जायचंय.

येसेनियालाही लिहिलं. माफी मागितली, आभार मानले. तिच्या धंद्यात एक रीत आहे. भोक बुजलं की जाहीर करतात आणि ते प्रथम कोणी दाखवून दिलं त्याचं नाव छापतात. ती मजकूर तयार करत होती. तिने माझी नवी फाइल उघडून बघितली. तिथे बदलाच्या नोंदीत, 'कोणी सुचवलं' या रकान्यात मी एक नाव लिहिलं होतं. तिने विचारलं, 'श्री. लाराबूरू, ही इर्मा होल्त्समान कोण? हे नाव माझ्या आधी यायला हवं का?'

मी लिहिलं, हो. तिने तेरा वर्षांपूर्वीच कळवलं होतं. माझ्याकडे निरोप परवा पोचला.

आबेल